रिकामा छान चालणारा डिझेल ग्रास कटर गवतात घातला की गचके का खातो?

डिझेल पंप उतरवू नका. आधी डिझेल टाकीचं झाकण सैल करून अर्धा तास गवत कापून बघा.

तुम्ही लिहिलंय की मशीन रिकामं असताना आवाज एकसारखा येतो, दाट गवतात घातलं की दबतं, गचके खातं, आणि गॅरेजवाला म्हणतोय पंप कॅलिब्रेशनला (डिझेल किती सोडतो ते मोजून नीट लावायला) पाठवा. ते कॅलिब्रेशनचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे. दोन ओळींत नऊ फूट अंतर, त्यात मिनी ट्रॅक्टर आणि मागे पीटीओवरचा (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा) ग्रास कटर. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला आणि फळछाटणीनंतर गवत गुडघ्याला लागलं. पहिल्या दोन ओळी झकास. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आवाज बसायला लागला, मग हुंदके दिल्यासारखं व्हायला लागलं. ॲक्सिलेटर पूर्ण ओढला तरी फरक नाही. धूर मात्र काळा नव्हता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थोरल्या भावाचं निदान जागेवरच झालं: "पंप गेलाय." दादा वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय आणि मी बँकेत कारकून, त्यामुळे मशीनबद्दल मी तोंड उघडलं की घरात हसतात. मी म्हटलं, डिझेल भरल्यावर अर्धा तास नीट चालतो आणि मग बिघडतो, हे कसं? दादा म्हणाला, तेवढ्यात इंजिन गार होतं. विषय संपला. पंप उतरवला, तालुक्याला नेला, चार दिवस आणि नऊ हजार रुपये. आणला, बसवला, डिझेलच्या पाइपातली एअर काढली. दोन ओळी झकास. तिसऱ्या ओळीत पुन्हा हुंदके.

दादा फोनवर पंपवाल्याशी भांडत होता. मी टाकीत डिझेल किती आहे बघायला झाकण फिरवलं आणि 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली. झाकण उलटं करून बघितलं तर आत स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा बसवलेला, कात्रीने अगदी मापात कापलेला. ट्रॅक्टर पावसाळाभर शेडबाहेर उभा असतो, मागे एकदा डिझेलमध्ये पाणी सापडलं होतं, म्हणून दादाने केलेली ही सोय. झाकणाला हवेसाठी जे बारीक भोक असतं ते त्या रबराने बंद झालं होतं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. डिझेल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. ती आली नाही की टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि पंपाला डिझेल पुरत नाही. रिकामं चालताना डिझेल थोडंच लागतं, म्हणून कळायला वेळ लागतो. लोडवर लगेच कळतं. डिझेल भरायला झाकण उघडलं की व्हॅक्यूम मोडतो आणि मशीन परत शहाणं. इंजिन गार होण्याचा काही संबंध नव्हता.

रबर काढलं आणि त्याच दिवशी उरलेल्या सगळ्या ओळी कापल्या. दादा आजही म्हणतो, पंप केला म्हणूनच एवढा चांगला चालतोय.

तुमचंही झाकणच असेल असं नाही. पण क्रम हाच ठेवा: फुकटातलं आधी. झाकण, मग डिझेल फिल्टर, मग पंपाला जिथून डिझेल येतं तिथल्या बँजो बोल्टातली (ज्या पोकळ बोल्टातून डिझेल जातं त्यातली) जाळी (फिल्टर बदलतात, जाळी कुणी बघत नाही), मग होज पाइप. पाइपाला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. तेवढ्यापुरता पारदर्शक पाइप लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. बँजो बोल्टाचे तांब्याचे वॉशर जुनेच परत लावले असतील तर तेही बदला, दहा-वीस रुपयांचं काम आहे.

धुराचा रंग तुम्ही लिहिलाच नाही, आणि अर्धं उत्तर तिथे आहे. लोडवर काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय: एअर क्लीनर बघा, गवत कापणाऱ्या मशीनचा तो आठवड्यात भुशाने भरतो. नाहीतर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) बारीक फवारा न मारता पिचकारी मारतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच पोचत नाही, आमच्यासारखं. आणि रिकाम्यातही एखादा ठोका चुकत असेल तर एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरा ढिला करून बघा. ज्याचा ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: नट ढिला करताना पीटीओ बंद, इंजिन स्लोवर, आणि हात फडक्यासकट लांब. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट जायची वेळ येते. कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच पाइपातून फार मोठ्या दाबाने डिझेल देणारं) असेल तर नटाला अजिबात हात लावू नका. एवढं सगळं करून फरक पडला नाही तर मग पंप उतरवा, पंप कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. फक्त पंपाचं सील तोडायच्या आधी टेस्ट बेंचवरचे (पंप तपासायच्या मशीनवरचे) आकडे स्वतः उभं राहून बघा. आम्ही बघितले नव्हते.

आणि ब्लेड बघा. बोथट ब्लेड गवत कापत नाही, ओढतं, आणि तो सगळा भार इंजिनावर येतो. आमचीही बोथट होती. दादा ते पहिल्या दिवसापासून सांगत होता, मी ऐकलं नाही.