चौघांच्या व्हिएतनाम सहलीला खरोखर किती पैसे लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून चौघं, म्हणजे तुम्ही दोघं, 13 वर्षांची मुलगी आणि शाकाहारी सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत 8 रात्री हनोई, दा नांग आणि हो ची मिन्ह सिटी. एजंट माणशी 65 हजार सांगतोय, मैत्रीण म्हणते तिचं 40 हजारांत झालं. मग खरा आकडा कोणता?

दोघंही खरं बोलत असतील, पण तुमच्या कामाचा आकडा दोघांचाही नाही. तुम्ही लिहिलाय तसाच बेत केलात तर घराला कुलूप लावल्यापासून ते परत उघडेपर्यंत चौघांचे मिळून 3 लाख 80 ते 90 हजार धरा. खाली सांगते तो एक बदल केलात तर 3 लाख 20 हजारांत बसेल. शिवाय दिवाळीत जाणार असाल तर तो बदल पैशांसाठी नाही, पावसासाठी करा.

मैत्रिणीचा आकडा आधी बाजूला ठेवू. ती एकटी किंवा जोडीनं गेली असणार, पाठीवर सॅक घेऊन. हनोईच्या नोई बाई विमानतळावरून जुन्या शहरात यायला 86 नंबरची बस आहे, तिकीट माणशी 45 हजार डाँग, म्हणजे दीडशे रुपये. तुम्ही चौघं, चार बॅगा आणि रात्रभर प्रवास करून आलेल्या सासूबाई. तुम्ही ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवरून सात सीटर गाडी मागवणार, तिचे तीन ते चार लाख डाँग होतील, म्हणजे हजार ते चौदाशे रुपये. ते बरोबरच आहे. पण दोन सहलींच्या खर्चात असा फरक दिवसातून पाच-सहा वेळा पडत जातो आणि शेवटी माणशी आकडा वेगळाच निघतो.

म्हणूनच हिशेब करताना ‘माणशी’ हा शब्दच काढून टाका, असं मी सगळ्यांना सांगते. कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात डोक्यामागे जाणारे पैसे: विमान, व्हिसा, विमा, प्रवेशतिकिटं. इथे सरळ चारने गुणायचं. मुलगी 13 वर्षांची, म्हणजे विमानकंपनीच्या लेखी ती मोठीच. दुसऱ्यात खोलीमागे आणि गाडीमागे जाणारे. तिथे चौघं असणं उलट स्वस्त पडतं. तिसऱ्यात दिवसामागे जाणारे: जेवण, पाणी, कॉफी, फळं, टिप. लोक पहिला रकाना अगदी तपशिलात भरतात, दुसरा अंदाजाने, आणि तिसऱ्यात ‘वरखर्च 20 हजार’ असं लिहून मोकळे होतात. बजेट फसतं ते तिथे.

पहिला रकाना भरून टाकू. मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन-येऊन माणशी 28 हजार धरा, बॅगेसकट. बॅगेसकट असं मुद्दाम म्हणते, कारण दिसायला स्वस्त असलेल्या बऱ्याच तिकिटांत हातातली 7 किलोची बॅग तेवढी असते आणि सामानाचे पैसे पुढच्या पानावर दिसतात. चौघांचे 1 लाख 12 हजार. ई-व्हिसा एकदा प्रवेशाचा 25 डॉलर, म्हणजे चौघांचे साधारण 9 हजार. (15 ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंत मिळतो, तुम्हाला इतका नको, पण फी तीच.) अर्ज व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावरच करा. शोधलं की वर जाहिरातींमध्ये हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं येतात आणि ती त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर तेही. चूक झाली तर फी परत मिळत नाही, नवा अर्ज आणि नवे 25 डॉलर. विमा चौघांचा मिळून 5 हजार, त्यात मोठा वाटा सासूबाईंचा. त्यांना बीपी किंवा शुगर असेल तर लपवू नका. विम्याचा उपयोग व्हायचा असेल तर ते आधी लिहिलेलं असावं लागतं.

आणि एक खर्च पुण्याची माणसं हमखास विसरतात: पुणे ते मुंबई विमानतळ. चौघं आणि बॅगा, मोठी गाडी, टोल, दोन्ही वेळचे मिळून 8 हजार. इथपर्यंत 1 लाख 34 हजार झाले आणि तुम्ही अजून देशातच आहात.

खोल्या हा व्हिएतनामचा सर्वात सुखाचा भाग. हनोईच्या जुन्या शहरात नाश्त्यासकट स्वच्छ, चांगली खोली 3 ते साडेतीन हजारांत मिळते. चौघांना दोन खोल्या घ्या, एका खोलीत जादा गादी टाकून दोन हजार वाचवायच्या फंदात पडू नका. नाश्ता असलेलंच हॉटेल बघा. तो भरपेट असतो आणि सासूबाईंसाठी फळं, पाव, अंडं चालत असेल तर अंडं, एवढं तरी नक्की मिळतं.

आता जेवण, इथे जरा थांबू. व्हिएतनामी जेवण स्वस्त आहे. फो म्हणजे नूडल्सचं सूप, त्याचा वाडगा 50 ते 80 हजार डाँग, बान्ह मी म्हणजे तिथलं सँडविच 20 ते 40 हजार. तीन शून्यं काढून साडेतीनने गुणा, रुपये येतात. उत्तर थोडं जास्त येतं, पण बजेटला ते बरंच. म्हणजे फो पावणेदोनशे ते पावणेतीनशे रुपयांत. पण त्या वाडग्यात मांसाचा रस्सा असतो, आणि भाजीत दिसत नसला तरी माशाचा सॉस असतो. सासूबाईंना हे चालणार नाही. मग लोक काय करतात, तर दोन्ही वेळेला भारतीय हॉटेल शोधतात. हनोईत भारतीय हॉटेलं आहेत, ठीकठाक आहेत, पण चौघांचं एक जेवण 8 ते 10 लाख डाँग, म्हणजे 3 हजारांच्या पुढे. दोन्ही वेळचं रोज असं केलंत तर आठवड्यात 45 हजार नुसत्या डाळ-रोटीवर गेले.

मधली वाट आहे. व्हिएतनाममध्ये बौद्ध शाकाहारी खानावळी पुष्कळ आहेत. पाटीवर सी, एच, ए, वाय अशी चार अक्षरं बघायची. भात, टोफू, मश्रूम, पालेभाज्या, ताट 40 ते 60 हजार डाँग. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला तिथली बरीच माणसं शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी या खानावळी भरलेल्या असतात. आम्ही दुपारी अशी खानावळ आणि रात्री एक दिवसाआड भारतीय, असं ठेवलं होतं. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बरोबर होतं, गरम भात कुठेही मिळतो. या हिशेबाने चौघांचे दिवसाला 4 हजार पुरतात, पाणी आणि कॉफी धरून. हनोईची अंड्याची कॉफी मुलीला नक्की द्या, सासूबाईंना आतलं काय ते आधी सांगा.

तिकिटं आणि सहली. हा लाँग उपसागराची एक दिवसाची बोट माणशी साधारण 4 हजार, बोटीवर रात्र काढायची तर माणशी 10 हजारांपासून वर कुठेही. दा नांगजवळ बा ना हिल्स, तो दगडी दिसणाऱ्या हातांवर तोललेला सोनेरी पूल, 2018 पासून सगळ्यांच्या फोटोंत असतो. तिकीट 9 लाख डाँगांच्या पुढे. चौघांचे 13 हजार एका दिवसाचे, आणि वर ढग उतरले असतील तर पूलच दिसत नाही. माझ्या मते त्या पैशात हनोईच्या दक्षिणेला असलेल्या निन्ह बिन्हचं चांग आन दोनदा होईल: हाताने वल्हवायची छोटी बोट, एका बोटीत चौघं, डोंगरांखालच्या गुहांमधून अडीच-तीन तास, माणशी अडीच लाख डाँगांच्या आसपास. उतरताना वल्हवणाऱ्या बाईंना टिप द्यायची पद्धत आहे, तेवढे सुटे ठेवा.

सुट्यांवरून आठवलं. तिथली 20 हजारांची नोट निळी आणि 5 लाखांची नोटही निळसर. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. एक सत्तर रुपयांची आणि दुसरी सतराशेची. रात्री टॅक्सीच्या अंधारात 20 हजारांच्या जागी 5 लाख सहज जातात आणि समोरचा काही बोलत नाही. 5 लाखांच्या नोटा पाकिटात ठेवूच नका, वेगळ्या चेनच्या कप्प्यात ठेवा आणि हॉटेलच्या काउंटरवरच मोडायच्या ठरवा.

डाँग भारतातून न्यायच्या भानगडीत पडू नका, भाव चांगला मिळत नाही. थोडे डॉलर न्या, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. बाकी कार्ड. पण कार्डाचा खर्च बजेटात लिहा: बहुतेक क्रेडिट कार्डं परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्के लावतात, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. दीड लाख खर्च केलेत तर 6 हजार असेच गेले. हा आकार न लावणारी कार्डं आता मिळतात, निघायच्या महिनाभर आधी एक काढून घ्या. आणि एटीएमने किंवा दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत रक्कम दाखवू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, डाँगच निवडा. त्या रुपयांचा भाव मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.

आता दिवाळीचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दा नांग आणि त्याच्या जवळच्या होई आनचा ऐन पावसाळा. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या काठावर आहे आणि या दिवसांत तिथे पाणी शिरणं नवं नाही. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस ते पाण्याखाली गेलं होतं. त्याच सुमाराला हनोईची हवा मात्र वर्षातली सर्वात छान असते. एजंटांच्या छापील कार्यक्रमात हे नसतं, कारण तोच कार्यक्रम बारा महिने विकायचा असतो. म्हणून माझं मत: दिवाळीत जाताय तर दा नांग आणि हो ची मिन्ह दोन्ही सोडा. 7 रात्री फक्त उत्तरेत घालवा. चार हनोईत, दोन निन्ह बिन्हमध्ये, एक मोकळी. वादळाचा इशारा असला की हा लाँगच्या बोटी बंद ठेवतात, तेव्हा ती मोकळी रात्र उपयोगी पडते. देशांतर्गत विमानांचे 36 हजार वाचतात, बा ना हिल्सचे वाचतात, एक रात्र कमी होते, आणि सासूबाईंना दर तिसऱ्या दिवशी विमानतळावर उभं राहावं लागत नाही. दा नांग, होई आनच हवं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल बघा. तेटचा, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा आठवडा आणि 30 एप्रिल-1 मे मात्र टाळा, तेव्हा तिथलीच माणसं सुट्टीवर असतात आणि खोल्यांचे भाव चढतात.

उत्तरेच्या बेताचा हिशेब, हजारांत: निघण्याआधीचे 1 लाख 34, खोल्या 42, जेवण 32, तिथली वाहनं 22, सहली आणि तिकिटं 26, चौघांचं इंटरनेट 3, खरेदी 25, कार्ड आणि नोटा बदलण्यात 5, आणि अडीअडचणीसाठी ठेवून एरवी हात न लावायचे 30 हजार. झाले 3 लाख 19. खरेदीचे 25 जास्त वाटतील, पण कॉफी, काजू, नातेवाईकांना द्यायच्या वस्तू आणि मुलीचं काहीतरी, एवढ्यात ते संपतात. तो आकडा शून्य लिहिणाऱ्यांचं बजेट मी वाचतच नाही.

एजंटच्या 65 हजारांबद्दल. तो फसवतोय असं मुळीच नाही, पण त्याला चार गोष्टी लेखी विचारा: 5 टक्के जीएसटी धरलाय का, टीसीएस (सहलीच्या बिलाबरोबर आगाऊ वसूल होणारा आयकर) धरलाय का, जेवणं नेमकी किती आणि शाकाहारी का, बा ना हिल्स आणि बोटीची तिकिटं आत आहेत का. टीसीएसचा दर गेल्या काही वर्षांत पुन:पुन्हा बदललाय, तो बुकिंगच्या दिवशीचा घ्या. तो पैसा बुडत नाही, ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याच्या आयकराच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. पण दिवाळीआधी तुमच्या खिशातून जातो, परत येतो पुढच्या वर्षी, त्यामुळे रोख रकमेत त्याची जागा ठेवा. व्हिसा, वरची जेवणं, पुणे-मुंबई आणि खरेदी घातली की त्याचे 2 लाख 60 हजारही साडेतीन लाखांच्या वर जातात. सासूबाईंमुळे सगळं कोणीतरी बघायला हवं असेल तर ते पैसे देण्यात काही गैर नाही.

तिकिटं काढायच्या आधी मुलीचा पासपोर्ट उघडून तारीख बघा. लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो आणि प्रवासाच्या दिवशी तो किमान सहा महिने शिल्लक असावा. नवा करायचा झाला तर साधी फी 1,000 रुपये, तत्काळमध्ये वर आणखी 2,000. ते बजेटात मी धरलेले नाहीत.