इंजेक्शनने अंडी तयार होत नाहीत, फक्त सुटतात

दादा, पनवेलजवळच्या तुमच्या शेततळ्यात रोहूच्या माद्या दर जूनला पोट फुगवून फिरतात आणि तीन वर्षांत एक पिल्लू नाही, म्हणून हार्मोनचं इंजेक्शन देऊ का असं विचारताय. आधी एक, माद्यांत काही खोट नाहीये. रोहू, कटला, मृगळ ही नदीची मंडळी, साचलेल्या पाण्यात वाढतात झकास पण अंडी सोडायची तर त्यांना पुराचं वाहतं पाणी हवं.

पहिल्या पावसात आपल्याकडे वलगणीचे मासे ओहोळातून भातखाचरात चढतात ना, तोच प्रकार. नवं पाणी अंगाला लागलं की मेंदू पिट्युटरीला, म्हणजे त्याच्याखालच्या ग्रंथीला, निरोप धाडतो, ती एलएच नावाचं हार्मोन सोडते, मग अंडी पुरती पिकून सुटतात. तळ्यात निरोप नीट जातच नाही, वर मेंदूतलं डोपामिन पिट्युटरीला दाबून बसलेलं. ओव्हाप्रिम, म्हणजे तुम्ही विचारताय ते इंजेक्शन, त्यात त्या निरोपाची नक्कल असते आणि सोबत डॉमपेरिडॉन, हो तेच, मेडिकलमध्ये उलटीवर मिळतं ते, ते डोपामिनला गप्प करतं. हे नव्हतं तेव्हा दुसऱ्या माशाची पिट्युटरी काढून वाटून तिचा अर्क टोचायचे, मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी १० जुलै १९५७ला ओडिशात अंगुलला ते कार्पवर (रोहू-कटलाच्या कुळातले मासे) जमवलं, म्हणून आपल्याकडे १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो.

पण अंड्यात बलक भरायचं काम आधी कित्येक आठवडे चालू असतं, अंडाशयाचं इस्ट्रोजन लिव्हरला कामाला लावतं, लिव्हर बलकाचं प्रोटीन रक्तातून पाठवतं. ते झालं नसेल तर सुई कितीही टोचा. मी स्वतः कळव्याहून शहापूरला मित्राच्या तळ्यावर जाऊन एप्रिलमध्येच हौसेने चार माद्यांना टोचलं, अंडं एक नाही आणि तिसऱ्या दिवशी दोघी पोट वर करून तरंगत होत्या. मित्र अजून ऐकवतो.

करायचंच तर पाऊस लागल्यावर. मादीचं पोट मऊ, खालचं भोक सुजलेलं लालसर हवं. नराच्या छातीच्या परावर बोट फिरवा, पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागेल (मादीचं गुळगुळीत), पोट हलकं दाबलं की दुधासारखं पाणी येतं. संध्याकाळी, ओल्या फडक्यात धरून, मादीला किलोला साधारण ०.३ ते ०.५ मिली, नराला ०.१ ते ०.२, आणि एका मादीला दोन नर असे हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) सोडा, पहाटेपर्यंत खळबळ ऐकू येईल.

आता खरं सांगू का, मादी किलोमागे दोनेक लाख अंडी टाकते, पुढे ते जिरं (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) वाढवायला नर्सरी तळं आहे का तुमच्याकडे? नसेल तर बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणा, स्वस्त पडेल. माद्यांची काळजी नको, न सुटलेली अंडी सीझन गेला की अंगातच जिरतात.