न वाचलेला पेपर रेफरन्समध्ये टाकला तर चालतो का?

प्रश्न: सर, माझा एमएचा प्रबंध चालू आहे. २०१५ च्या एका रिव्ह्यू पेपरमध्ये (आधीच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या) १९७४ च्या एका अभ्यासाचा निष्कर्ष दिलाय, तो मला हवाय, पण मूळ पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. मग सरळ १९७४ वाल्याचं नाव टाकलं तर कोणाला कळणारे? आणि मैत्रीण म्हणते की स्वतःच्या शब्दात लिहिलं की सायटेशन, म्हणजे कुठून घेतलं त्याचा उल्लेख, लागत नाही, खरंय का?

उत्तर: कळतं हो! रिव्ह्यूवाल्याने साल नाहीतर पान नंबर चुकवला असेल तर ती चूक जशीच्या तशी तुमच्याकडे येते आणि विषयातल्या परीक्षकाने मूळ पेपर वाचलेला असला की त्याला लगेच दिसते. पण पकडलं जाणं राहू दे, खरी अडचण वेगळीच आहे, मूळ लेखकाने "अशी शक्यता वाटते" एवढंच म्हटलेलं असतं आणि दोन-तीन हात फिरून तेच "सिद्ध झालंय" होतं, आणि तुम्ही त्यावर अख्खं प्रकरण उभं करता. शिवाय पेपर मागे घेतलेला असू शकतो. एमएमआर लस आणि ऑटिझमचा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला पेपर १९९८ चा, तो २०१० मध्ये त्या जर्नलनेच रद्द केला, नुसती यादी उचलणाऱ्याला हे कसं कळणार?

म्हणून जे वाचलंय तेच सांगायचं. एपीए या रेफरन्स लिहिण्याच्या पद्धतीमध्ये मजकुरात मूळ लेखक आणि १९७४ लिहा, पुढे "यांच्या लेखात उद्धृत" म्हणून रिव्ह्यूवाल्याचं नाव आणि २०१५. शेवटच्या यादीत मात्र फक्त २०१५ वालाच येतो. यात काही कमीपणा नाहीये, फक्त दर पानावर असं दिसलं तर गाईड विचारणारच की मूळ काय वाचलंत. त्याआधी लायब्ररीत विचारून बघा, दुसऱ्या लायब्ररीतून कॉपी मागवता येते, कधीकधी लेखकाला मेल केला तरी पीडीएफ मिळते (१९७४ च्या बाबतीत जरा अवघडच आहे म्हणा).

मैत्रिणीचं साफ चूक. शब्द तुमचे असले तरी मुद्दा दुसऱ्याचा आहे ना, मग सायटेशन हवंच. जसंच्या तसं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्ह आणि पान नंबरही लागतो, आणि एपीएत ४० किंवा जास्त शब्द असतील तर वेगळा परिच्छेद करायचा, त्याला अवतरणचिन्ह नाही. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते वगैरे, काही लागत नाही.

झोटेरो हे रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, वापराच, पण त्यात आपोआप आलेली माहिती एकदा डोळ्याखालून घाला, नावं उलटसुलट येतात. एआयकडून रेफरन्स घेतला असेल तर डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून बघितल्याशिवाय टाकूच नका, नसलेले पेपर तो अगदी खरे वाटतील असे बनवून देतो. आणि गाईडला एपीएची कुठली आवृत्ती हवी तेही विचारून घ्या, सहावीत पुस्तकाच्या प्रकाशकाचं शहर लिहावं लागायचं, २०१९ च्या सातवीत ते काढून टाकलंय.