तिला कोर्स नको, झोप हवी आहे

नागपूरचे एक वडील लिहितात: मुलगी शिकागोत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाली. आता ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करण्याच्या परवानगीवर, एका संस्थेत आहे. पोलिसांच्या हातून माणूस गमावलेल्या कुटुंबांसोबत काम, सहकारी बहुतेक कृष्णवर्णीय. तिला झोप लागत नाही, फोनवर रडते. ‘आम्हीही नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या, कुणी सेल्फ-केअरचे लाड केले नाहीत. कर्जाचे हप्ते आहेत. तिला डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स सुचवा.’

कोर्स सुचवणार नाही. तुमच्या पत्रात हप्त्यांचा उल्लेख चार वेळा आहे, तिच्या झोपेचा एकदाच. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून ती खोलीवर येते, आणि रोज तुमचा फोन येतो: पुढचं काय ठरवलंस? मला तिच्या नोकरीपेक्षा या फोनची जास्त काळजी वाटते.

आणि लाड? न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली पोलिसांनी गळा आवळल्यामुळे एरिक गार्नर गेले. त्यांची मुलगी एरिका न्यायासाठी रस्त्यावर उतरली. डिसेंबर २०१७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर तीही गेली, २७ व्या वर्षी. सगळा दोष ताणाला देता येणार नाही, पण तिथल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या स्वतःच्या तब्येतीबद्दल इतक्या आग्रहाने का बोलतात ते यावरून कळावं. ज्या अन्यायाविरुद्ध त्या दिवसभर लढतात, तोच संध्याकाळी त्यांच्या घरातल्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. ज्या ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथरने नाव घेतलं, ती मोफत दवाखाने चालवायची, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायची. विदर्भातल्या माणसाला सिकल सेल काय ते मी सांगायला नको. आरोग्य हा चळवळीचाच भाग होता. तुमच्या पिढीने सोसलं, हे खरं. पण घरी त्याची झळ कुणाला लागली, हे एकदा तिच्या आईला विचारा.

‘नोकरी सोड’ असंही सांगू नका. ओपीटीवर नोकरीविना एकूण ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही. बदल करायचा तर आधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारायचं. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये क्लिनिकल लायसन्सला, म्हणजे स्वतंत्रपणे समुपदेशन करण्याच्या परवान्याला, सुपरव्हिजनखाली (अनुभवी वरिष्ठाच्या देखरेखीखाली) ३,००० तासांचं काम लागतं. ते रुग्णालयातही होतं, त्यामुळे संस्था बदलली तरी शिक्षण वाया जात नाही. संस्थेत दर आठवड्याला सुपरव्हिजन मिळतं का, कठीण केस दुसऱ्याकडे सोपवता येते का, हे तिने विचारावं. दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तर दुसरी जागा हातात घेऊन तिथून निघावं.

ती रडते, झोपत नाही, म्हणजे तिला आधी डॉक्टर किंवा समुपदेशक हवा. फार खचली तर ९८८ हा मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर तिथे चोवीस तास लागतो, तो तिला आजच कळवा. पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या. हप्त्याचं तुम्ही बँकेशी बोला, तिच्याशी महिनाभर तरी नको.