आवडत्या गेमची खोट काढताना

आवडत्या गेमच्या खोटी लिहून काढायच्यात, पण एवढ्या लाडक्या गेमवर टीका करणं जिवावर येतं म्हणालास, ते समजतं. पण २०० तास खेळलेल्या गेमच्या खोडी तुझ्याइतक्या कुणाला ठाऊक असणार?

सुरुवातीला "बोअर होतं" लिहून थांबू नकोस. हात नेमका कुठे अडतो ते बघ. झेल्डा मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम' या गेममधलं (१९९८) पाण्याचं मंदिर घे. अवघड म्हणून बदनाम. पण खरा वैताग पाण्यात बुडवणाऱ्या जड लोखंडी बुटांचा: तळाला जायचंय, पॉज कर, मेनू उघड, बूट घाल, वर यायचंय, पुन्हा पॉज, बूट काढ. २०११च्या थ्रीडीएस (निन्टेन्डोचा हातात धरायचा कन्सोल) आवृत्तीत बूट थेट बटणावर आले आणि तेच मंदिर बरंच सुसह्य झालं. खोट अशी बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.

नवखे हमखास इथे घसरतात:

- बॉसने (टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या तगड्या शत्रूने) मारलं ही खोट नव्हे. का मेलो हेच कळलं नाही, तर खोट.
- बग (प्रोग्रॅममधली चूक) वेगळा, मुद्दाम तशीच केलेल्या रचनेतला दोष वेगळा.
- त्याच मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तलवारी मोडतात त्या मुद्दाम, तू हत्यारं बदलत राहावंस म्हणून. पटत नसेल तर खुशाल भांड, पण आधी हेतू ओळख. (पावसात कडा चढताना घसरणं मात्र मलाही अजून पचलेलं नाही.)

फ्रेमरेटची (सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात त्याची) आकडेमोड सध्या सोड. आज तासभरच खेळ, शेजारी वही ठेव, आणि तोंडातून "अरे यार!" निघालं की लगेच टिपून घे.