वर्षश्राद्धाचं गावजेवण टाळून तो पैसा संस्थेला द्यावा का?

प्रश्न: वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता तेवढी रक्कम एखाद्या शाळेला किंवा संस्थेला द्यावी असं मला वाटतं. आई आणि काका ऐकत नाहीत. त्यांना कसं पटवू? आणि संस्था कशी निवडू?

उत्तर: पटवायच्या भानगडीत पडू नका. आई आणि काकांचं निदान निम्मं तरी बरोबर आहे.

जेवणावळ म्हणजे उधळपट्टी आणि देणगी म्हणजे समाजकार्य, अशी सरळ वाटणी आमच्या घरात थोरल्या भावाने करून टाकली. तेव्हापासून हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. आई गेली तेव्हा सुतकात घरात चूल पेटली नाही. माती देऊन माणसं परत आली तो कडू घास भावकीने आणला, आणि दिवस होईपर्यंत दोन्ही वेळेला कुणा ना कुणाच्या घरून बुट्टी येत राहिली. फडक्यात बांधलेल्या भाकरी, पिठलं, कालवणाची किटली. शेजारच्या काकींच्या लक्षात आलं की आमच्या शहरातल्या पोरांना ते कालवण तिखट लागतंय. दुसऱ्या दिवसापासून बुट्टीत एका कोपऱ्याला दह्याचं भांडं यायला लागलं, वर झाकण म्हणून वाटी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी लिहूनही ठेवलं नाही. आईच्या डोक्यात मात्र हा हिशोब आयुष्यभर पक्का असायचा. कुणाच्या घरी बुट्टी गेली, कुणाकडून आली, कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू पाठवायचे राहिलेत.

वर्ष होत आलं तसा दादा पुण्याहून ठरवूनच आला. जेवण नाही, शाळेला पुस्तकांचं कपाट. गाडगेबाबांचा दाखला दिला, ऋण काढून सण करू नका. मी म्हटलं, ऋण कोण काढतंय? आणि बाबांच्या दशसूत्रीची सुरुवातच ‘भुकेलेल्यांना अन्न’ अशी आहे. तो म्हणाला, गरीब मुलांच्या शिक्षणाला मदत हेही त्यातच आहे. आहेच की. भावकीतलं कुणी भुकेलेलं नव्हतं हेही खरं. पण मी दानाबद्दल बोलतच नव्हते. ज्यांनी आपल्या दारात भाकरी आणून दिल्या त्यांना वर्षाने आपल्या दारात बसवून वाढायचं, ही परतफेड आहे. ती परस्पर शाळेच्या नावावर वळती करता येत नाही. यावर दादा म्हणाला, ‘तुझं सासर वेगळं, तू यात पडू नकोस.’ खर्चातला अर्धा वाटा मात्र माझ्याकडून घेतला. ही आपली जाता जाता नोंद.

कपाट आलं. लोखंडी, दारावर पितळी पाटी. आईचं नाव एका ओळीत, त्याखाली देणगीदार म्हणून दादाचं नाव, हुद्दा आणि कंपनी. फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. गावातल्या बायका मला भेटल्या तेव्हा कपाटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एकीने विचारलं, ‘आक्काचं वरीस घातलंच न्हाई व्हय?’

पुढे एकदा शाळेत गेले तर कपाटाला कुलूप. कपाट जडवस्तू नोंदवहीत चढलेलं, पुस्तकांचीही नोंद झालेली. एखादं हरवलं तर जबाब कोण देणार म्हणून पोरांच्या हातात काही जात नव्हतं. मुख्याध्यापिका बिचाऱ्या सरळ बोलल्या, ‘ताई, आधी विचारलं असतं तर पाण्याची मोटार दुरुस्त करून मागितली असती.’ मोटारीवर पाटी लावता येत नाही, ही अडचण असावी.

तेव्हा संस्था कशी निवडावी याचं माझं उत्तर एवढंच: जिथे तुम्ही स्वतः जाऊन ‘काय कमी पडतंय’ असं विचारू शकता ती निवडा, आणि सांगतील ते द्या. बहुतेक वेळा ते कंटाळवाणं असतं. वीजबिल, संडासाची दुरुस्ती, मदतनीस बाईंचा पगार. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर एकट्या सरपंचाशी बोलून येऊ नका. शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या बायकांना विचारा. न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि हिशोब बघायला मागा. द्यायला कां-कूं केली तर उठून या.

करसवलतीसाठी करत असाल तर 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, कपाट-पंखे अशा वस्तू तर अजिबातच नाहीत, आणि नवी कररचना घेतली असेल तर ही सवलतच नाही. पुढचं तुमच्या सीएला विचारा.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही. जेवणासाठी कर्ज काढावं लागणार असेल तर माझं वरचं सगळं विसरा, तिथे गाडगेबाबाच खरे. आणि तुमचं कुटुंब दोन पिढ्या शहरात असेल, सुतकात जेवण डबेवाल्या मावशींकडून आलं असेल, तर गावजेवण कुणासाठी घालायचं हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण काका अडून बसलेत त्याअर्थी गावात अजून येणं-जाणं असणार. मग जेवण घाला, साधं घाला. आमटी-भात, एक भाजी, बुंदी. केटररची तीन-तीन गोडं आणि पाण्याच्या बाटल्या तेवढ्या वगळा. उरतील ते पैसे गुपचूप शाळेत नेऊन द्या. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर फक्त वडिलांचं नाव घाला, तुमचं नाव पावतीवर येतंच.

आणि काकांशी वाद घालण्याआधी त्यांना एवढं विचारा, की वडील गेले तेव्हा कुणाकुणाकडून जेवण आलं होतं. त्यांना घरं पाठ असतील. आमंत्रणाची यादी तिथूनच सुरू करा.