जुन्या शिडाच्या होडीचा सेंटरबोर्ड अडकतो आणि पेटीपाशी पाणी झिरपते. ही दुरुस्ती घरी करता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की साडेचार मीटर लांबीची फायबरग्लासची वापरलेली होडी घेतली आहे, तिचा सेंटरबोर्ड (होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातल्या पेटीतून पाण्यात उतरणारी फळी किंवा पत्रा) अर्ध्यापर्यंतच खाली उतरतो, वर ओढताना अडकतो आणि पेटीच्या पायाशी थोडे पाणी जमते. बोर्ड काढून घासून रंगवला की काम भागेल का, असा तुमचा प्रश्न आहे. दुरुस्ती घरच्या घरी नक्की करता येईल. मात्र घासणे आणि रंगवणे हे या कामाचे शेवटचे टप्पे आहेत. त्यांनीच सुरुवात केली, तर बोर्ड पूर्वीपेक्षा अधिक घट्ट बसण्याची शक्यता असते. अशा होड्यांवर काम करून माझे ठाम मत झाले आहे की दोष बोर्डात कमी असतो. ज्या पिनवर तो फिरतो ती पिन आणि ज्या पेटीत तो सरकतो ती पेटी, या दोन ठिकाणी तो आधी शोधावा.

लहान होडीत बोर्ड आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये साधारणपणे प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर एवढीच मोकळी जागा असते. त्यात बारीक खडा शिरला, बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचधारी समुद्री जीव) वाढले, लाकूड पाणी पिऊन फुगले, लोखंडाला गंजाचे पापुद्रे आले किंवा आधीच्या मालकाने दरवर्षी रंगाचे थरावर थर चढवले, तर ही जागा संपते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरून किरकोळ दिसणारा फुगवटाही बोर्ड अडकवायला पुरेसा ठरतो. उलट जागा फार झाली, तर बोर्ड पेटीत डावीउजवीकडे आपटत राहतो आणि पिनचे भोक झिजवतो. म्हणून काहीही खोलण्यापूर्वी वरच्या फटीतून टॉर्चचा उजेड टाकून बोर्ड नेमका कुठे टेकतो आहे ते पाहा आणि लाकडाची एक पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी आत सरकवून कुठे अडते त्याची खूण करून ठेवा. पेटीच्या दोन्ही भिंतींमधले अंतरही वर, मध्ये आणि खाली मोजून घ्या, कारण जुन्या फायबरग्लासच्या होडीत या भिंती मध्यभागी आत झुकलेल्या असू शकतात आणि तसे असेल, तर बोर्ड कितीही घासला तरी उपयोग होत नाही.

बोर्ड काढण्यासाठी होडीखाली जागा लागते. होडी हलकी असेल, तर डोलकाठी उतरवून ती जुन्या टायरांवर किंवा जाड गाद्यांवर आडवी कलंडवणे सर्वांत सोपे. जड असेल, तर ती भक्कम आधारांवर उचलून ठेवावी लागते, कारण ट्रेलरची आडवी पट्टी बहुधा होडीच्या तळातल्या, बोर्ड बाहेर येण्याच्या नेमक्या फटीखाली येते. येथे सावधगिरीची एक गोष्ट आग्रहाने सांगतो. एक मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड अशा पोलादी पत्र्याचे वजन सुमारे साडेतेवीस किलो भरते, आणि पिन निघताच ते सगळे वजन मोकळे होते. म्हणून पिनला हात लावण्यापूर्वी बोर्ड दोन दोरांनी बांधून घ्या, खाली लाकडी ठोकळे रचा, आणि बोर्डाच्या खाली हात किंवा पाय कधीही ठेवू नका.

पिन बाहेर आली की ती कापडाने स्वच्छ पुसून तिच्यावरून नख फिरवा. टोकांना मूळ जाडी आणि मधल्या भागात, जिथे बोर्ड फिरतो तिथे, नखाला जाणवणारी पायरी असेल, तर पिन झिजली आहे. पिन स्टेनलेसची असेल, तर तिच्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का तेही उजेडात पाहा. स्टेनलेस स्टील हवेत उत्तम टिकते, परंतु साचलेल्या खाऱ्या पाण्यात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा सांदीत, ते आतून खड्डे पडून कमजोर होते, आणि वरून चकचकीत दिसणारी पिन अचानक तुटते. खड्डे दिसले, तर पिन बदला. घासून पुन्हा वापरू नका. बोर्ड लोखंडी आणि पिन स्टेनलेस किंवा ब्राँझची असेल, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संपर्कामुळे लोखंड आधी खाल्ले जाते, म्हणून अशा बोर्डाचे भोक पिनच्या भोवतीच मोठे होत जाते.

भोक लांबट झाले असेल, तर त्यात जाड पिन घालून वेळ मारून नेऊ नये. लाकडी बोर्डासाठी मी नेहमी एकच पद्धत वापरतो. पिनच्या जाडीच्या साधारण दुप्पट व्यासाचे भोक पाडायचे, आतल्या उघड्या लाकडाला पातळ इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारी राळ) भरपूर पाजायचे, खालच्या बाजूला चिकटपट्टी लावायची आणि सिलिकाची पूड घालून लोण्याइतके घट्ट केलेले इपॉक्सी त्यात भरायचे. भोक खोल असेल, तर ते दोन टप्प्यांत भरा, कारण एकाच वेळी जास्त इपॉक्सी भरले की ते तापते आणि त्याला तडे जातात. पूर्ण कडक झाल्यावर मधोमध पिनच्या मापाचे नवे भोक पाडले की लाकडाचा पाण्याशी संबंध उरत नाही, आणि पिन लाकडावर न घासता इपॉक्सीवर फिरते. ही पद्धत मला इतकी पटलेली आहे की भोक झिजलेले नसले, तरी बोर्ड एकदा बाहेर काढल्यावर हे काम करून घ्यावे असे मी सुचवेन. लोखंडी बोर्डात मात्र भोक मोठे करून बुश (पिनभोवती बसणारी आखूड नळी) बसवणे योग्य. तो नायलॉनचा नको. नायलॉन पाणी शोषून फुगते आणि पिन आवळते. ॲसिटल प्लास्टिकचा बुश त्यापेक्षा पुष्कळ चांगला, शिवाय त्यामुळे दोन्ही धातू एकमेकांपासून वेगळे राहतात.

बोर्ड बाहेर असताना पेटी आतून साफ करण्याची संधी सोडू नका. लांब पट्टीला जाड सँडपेपर गुंडाळून आतला जुना रंग आणि शिंपले घासून काढा, परंतु रंग विषारी असू शकतो, म्हणून पाणी लावूनच घासा आणि मास्क वापरा. नंतर पेटी आणि होडीचा तळ जिथे जोडलेले आहेत तो सांधा नीट पाहा. तुमच्याकडे पाणी पेटीच्या पायाशी जमते, त्यामुळे ते पिनच्या बोल्टमधून येते की या सांध्यातून, हे ठरवणे आवश्यक आहे. होडीत आतून टिश्यू पेपरच्या पट्ट्या दोन्ही ठिकाणी चिकटवून, पिन तात्पुरती परत बसवून आणि पेटीची तळाची फट बुजवून पेटीत पाणी ओतले, तर उत्तर लगेच मिळते. बोल्टमधून येत असेल, तर नवे रबरी वॉशर पुरेसे आहेत. सांध्यात तडा असेल, तर तो वरवर सीलंटने बुजवू नका. सांधा कोरडा करून, घासून, त्यावर फायबरग्लासचे कापड इपॉक्सीने चढवावे लागते. बोर्डावर येणारा पाण्याचा सगळा आडवा दाब याच सांध्यावर पडतो.

आता बोर्ड. लाकडी असेल, तर तो सावलीत काही आठवडे वाळवा आणि मधूनमधून वजन करा. वजन उतरणे थांबले की तो वाळला असे समजा. त्यानंतरच इपॉक्सी लावा. इपॉक्सी सुकल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो, तो घासण्यापूर्वी साध्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर सँडपेपर तोच थर सगळीकडे पसरवतो आणि वरचा रंग धरत नाही. लोखंडी बोर्ड चकाकेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लावा, कारण दमट हवेत काही तासांतच नवा गंज धरू लागतो. तांबे असलेला रंग उघड्या लोखंडावर थेट लावू नये. थर मोजूनच चढवा: प्रत्येक थर सुकल्यावर ०.१ मिलिमीटरचा धरला, तरी पाच थरांनी दोन्ही बाजूंची मिळून एक मिलिमीटर जागा जाते.

बोर्डाची पुढची कड गोलसर आणि मागची कड बारीक ठेवावी, एवढे आकाराच्या बाबतीत पुरे. शर्यतीत उतरणार असाल, तर आकार बदलण्यापूर्वी तुमच्या होडीच्या वर्गाचे नियम वाचा.

बोर्ड ओढण्याचा दोर या निमित्ताने बदलूनच टाका. तो पेटीच्या काठावर जिथे घासतो तिथे आतून झिजलेला असतो, आणि तो तुटला तर जड बोर्ड खाली लोंबकळतो व होडी किनाऱ्याला आणता येत नाही. कमी ताणला जाणारा पॉलिस्टरचा दोर योग्य. बोर्ड खाली धरून ठेवणारी व्यवस्थाही तितक्याच काळजीने तपासा. होडी उलटली की तिला सरळ करण्यासाठी आपण या बोर्डावरच उभे राहतो, आणि त्या क्षणी बोर्ड घसरून पेटीत गेला तर पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून पिन बसवल्यावर बोर्ड पूर्ण खाली करून त्याला हाताने जोराने वर ढकलून पाहा.

पिनचा बोल्ट परत लावताना दोन्ही बाजूंना धातूच्या वॉशरखाली रबरी वॉशर घाला आणि सीलंट असा निवडा की पुढे बोल्ट काढता येईल. कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेन येथे टाळा. नट आवळताना दर अर्ध्या फेऱ्याला बोर्ड वरखाली करून पाहा. पाणी थांबावे म्हणून नट जोरात आवळला, की पेटीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि बोर्ड पुन्हा अडकतो. पाणी थेंबथेंब येत असूनही बोर्ड जड फिरू लागला, तर तिथेच थांबा, नट सैल करा आणि वॉशर अधिक जाड घ्या.